झाडाला वेळ कळते म्हणजे नेमकं काय होतं

प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्यात त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो. पहिली, घरातलं मरांटा, ज्याला नर्सरीवाले प्रेयर प्लांट म्हणतात, ते ट्यूबलाईट चालू असली तरी संध्याकाळी पानं उभी करतं आणि सकाळी पडदा सरकवायच्या आधीच पुन्हा आडवी करून बसलेलं असतं, हे कसं. दुसरी, गॅलरीतली शेवंती पाल्याने भरलीय पण कळी काही धरत नाही, हे का. आणि तिसरी, ग्रो लाईट आणलाच आहे तर तो २४ तास चालू ठेवून वाढ दुप्पट करता येईल का. पॉलीहाऊसमधल्या फुलझाडांना लाईट किती आणि कधी द्यायचा हेच माझं काम, त्यामुळे हे तिन्ही प्रश्न मी पुष्कळदा ऐकलेत, आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, आणि ते नुसते किती वाजले एवढंच बघत नाही, बाहेरून आलेल्या उजेडाचा अर्थ काय लावायचा हेही तेच ठरवतं. तोच दिवा सकाळी लावला तर एक परिणाम आणि मध्यरात्री लावला तर भलताच.

आधी पानांचं बघू. मरांटाच्या पानाचा देठ जिथे पात्याला मिळतो तिथे बोटाने चाचपून बघा, जरा जाडसर गुळगुळीत असा एक छोटा भाग हाताला लागेल. तो सांधा, शास्त्रात त्याला पल्व्हायनस म्हणतात. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियम शिरतं, त्याच्या मागोमाग पाणी शिरतं आणि ती बाजू फुगते, त्याच वेळी समोरच्या बाजूतून पोटॅशियम आणि पाणी बाहेर पडून ती सैल होते, की पान हळूहळू उचललं जातं. स्नायू नाही काही नाही, नुसता पाण्याचा दाब. सकाळी हेच उलट. चिंच, शिरीष, घेवडा, लाजाळू या सगळ्यांची पानं याच पद्धतीने रात्री मिटतात किंवा खाली झुकतात. लाजाळू हात लावल्यावर मिटते तेव्हा सांधा तोच वापरते पण कारण वेगळं, ती गल्लत करू नका.

हे पानांचं मिटणं माणसाने फार आधीपासून पाहिलंय. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अलेक्झांडरच्या मोहिमेतल्या अँड्रोस्थेनिसने आजच्या बहरीनमध्ये एका झाडाची पानं रात्री मिटतात असं लिहून ठेवलं, ते झाड चिंचेचं असावं असं मानतात. पण ऊन गेलं म्हणून पानं मिटली असंच कुणालाही वाटणार. ते तपासून बघायचं सुचलं १७२९ मध्ये, फ्रान्समधल्या द मेराँ यांना, आणि गंमत म्हणजे ते खगोलशास्त्रज्ञ होते, वनस्पतीवाले नव्हेच. त्यांनी पानं मिटणारं एक झाड अंधारात ठेवलं, तरी पानं आपल्या वेळेला उघडत मिटत राहिली. मग लोक म्हणाले की अंधार असला तरी दिवसरात्रीचं तापमान बदलतंच की, त्यावरून कळत असेल. म्हणून १७५८ मध्ये द्युहामेल यांनी जिथे तापमान हलत नाही अशा तळघरात झाड नेऊन ठेवलं, तरीही तेच. खरा निकाल मात्र १८३२ मध्ये द कँडोल यांच्या लाजाळूने लावला. उजेड कायम एकसारखा ठेवल्यावर तिची फेरी २४ तासांची न राहता २२-२३ तासांची झाली, म्हणजे रोज तास-दोन तास आधी पानं उघडायला लागली. आता बघा, बाहेरून कुठला तरी आपल्याला न दिसणारा इशारा मिळत असता तर फेरी बरोबर २४ तासांचीच राहिली असती कारण पृथ्वी २४ तासांत फिरते. ती २२-२३ वर गेली याचा अर्थ मोजणी झाडाच्या आतच चाललीय आणि ती थोडी चुकीची आहे! त्या चुकीनेच सगळं सिद्ध केलं, मला हा पुरावा अजूनही सगळ्यात देखणा वाटतो.

तर तुमचं मरांटा ट्यूबलाईटला फसत नाही त्याचं कारण हे. घरातली ट्यूबलाईट आपल्या डोळ्यांना लख्ख वाटते पण खिडकीतल्या दिवसाच्या उजेडापुढे ती अगदीच फिकी, संध्याकाळ झालीय हे आतलं घड्याळ आधीच सांगतंय आणि तेवढ्या उजेडाने ते लगेच बदलत नाही. पहाटेचं पण तसंच, पडदा उघडायच्या आधी पानं आडवी होतात कारण तयारी आधीपासून सुरू झालेली असते. घड्याळ रोज थोडं मागेपुढे होतं आणि सकाळ-संध्याकाळच्या खऱ्या उजेडाने पुन्हा जागेवर येतं, त्यामुळे एरवी आपल्याला ती चूक दिसत नाही.

मेंदू नाही तर हे घड्याळ ठेवलंय कुठे, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की प्रत्येक पेशीत. यातलं बरंचसं अराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या बारक्या तणावर शोधलं गेलं. त्यात सीसीए१ आणि एलएचवाय ही दोन प्रोटीन पहाटे वाढतात आणि संध्याकाळच्या जीन्सना दाबून ठेवतात, दिवस चढतो तशी ती स्वतः कमी होत जातात, मग एकामागून एक दुसरी प्रोटीन येतात, शेवटी टीओसी१ आणि संध्याकाळची टोळी, आणि ती सगळी मिळून सकाळच्या जोडीला रात्रभर दाबून धरतात. पहाटेपर्यंत त्यांचा जोर ओसरला की सकाळची जोडी पुन्हा वर. एकमेकांना दाबायचा हा खेळ फिरून फिरून साधारण २४ तासांनी पहिल्या जागी येतो, बस, हेच घड्याळ. १९९५ मध्ये काजव्याचं चमकणारं जीन रोपात घालून, कुठलं रोप कधी उजळतं हे कॅमेऱ्याने बघत, २१ तासांचं घड्याळ असलेली रोपं शोधून काढली गेली आणि त्यातूनच टीओसी१ हाती लागलं. काम फार सुंदर आहे, सविस्तर सांगत बसलो तर शेवंती राहून जाईल.

दोन गोष्टी मात्र सांगतोच. एक म्हणजे साधारण रासायनिक क्रिया तापमान १० अंशांनी वाढलं की दुप्पट-तिप्पट वेगाने होते, पण हे घड्याळ थंडीत आणि उन्हात जवळपास त्याच वेगाने चालतं, नाहीतर ढगाळ थंड दिवशी झाडाचा दिवस ३० तासांचा झाला असता. आणि दुसरी, एकाच झाडाची दोन पानं, इतकंच काय एकाच पानाचे दोन भाग, उलट्या वेळांना झाकून उघडून ठेवले तर एका भागात सकाळ आणि दुसऱ्यात संध्याकाळ अशी घड्याळं चालवता येतात, आणि ती तशीच चालू राहतात. म्हणून झाड वेळ 'अनुभवतं' असं कुणी म्हणालं की मी जरा सावध होतो. अनुभवणारा असा कुणी एक तिथे बसलेला नाही, लाखो पेशी आपापली वेळ धरून आहेत आणि एरवी सगळ्यांवर एकच सूर्य उगवतो म्हणून त्यांचं जमतं.

आता हे सगळं ठेवायचा खर्च झाड कशासाठी करतं? तर आगाऊ तयारीसाठी. अराबिडॉप्सिसच्या जवळपास एक तृतीयांश जीन्सची वेळ या घड्याळावर चालते, उजाडायच्या आधीच प्रकाशसंश्लेषणाची जुळवाजुळव सुरू असते. २००५ मध्ये एक साधा पण फार बोलका प्रयोग झाला, २० तासांच्या घड्याळाची रोपं आणि २८ तासांच्या घड्याळाची रोपं घेऊन त्यांना २० आणि २८ तासांचे खोटे दिवस दिले. ज्याचं घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळलं त्याच्यात हरितद्रव्य जास्त, कार्बन जास्त धरला, वाढ जास्त. म्हणजे जलद घड्याळ चांगलं किंवा हळू घड्याळ चांगलं असं काही नाही, जुळलेलं घड्याळ चांगलं.

माझ्या मते याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे रात्रीचा स्टार्च. दिवसा पान जी साखर बनवतं त्यातली काही स्टार्च करून पानातच साठवतं आणि रात्री अंधारात ती हळूहळू मोडून खातं. पगार महिनाअखेरपर्यंत पुरवायचा तसा हा हिशोब असतो, आधी संपला तर पहाटे उपासमार आणि जास्त उरला तर तेवढी वाढ फुकट गेली. आणि पुरवतं किती नेमकं, तर पहाट होते तेव्हा साधारण ९५ टक्के स्टार्च संपलेला असतो. आता यातली खरी मेख ऐका. १२ तास उजेड १२ तास अंधार अशा सवयीच्या रोपांना संशोधकांनी एक दिवस अचानक ८ तासांनीच अंधारात टाकलं. साठा कमी, रात्र १६ तासांची, आणि याची कसलीही पूर्वसूचना नाही. रोपांनी त्याच रात्री स्टार्च मोडायचा वेग कमी केला आणि तो बरोबर नेहमीच्या पहाटेपर्यंत पुरवला. यासाठी दोन आकडे लागतात, साठा किती आहे आणि पहाट किती तासांवर आहे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागावं लागतं. झाड रेणूंच्या प्रमाणातून हा भागाकार करत असावं असं मॉडेल इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनेस सेंटरमधल्या गटाने २०१३ मध्ये मांडलं. आणि तिथेच घड्याळाची मर्यादाही दिसते, त्याच रोपांना २८ तासांचा दिवस दिला तर स्टार्च २४ व्या तासालाच संपतो आणि उरलेले तास रोप उपाशी, कारण त्याच्या हिशोबाने पहाट व्हायला हवी होती.

किडींचंही असंच आहे. अराबिडॉप्सिसमध्ये किडीविरुद्धचं जास्मोनेट नावाचं संप्रेरक दिवसा जास्त असतं, म्हणजे अळ्या खायला लागतात त्या सुमाराला. रोप आणि अळ्या एकाच वेळापत्रकावर वाढवून एकत्र सोडल्या तर रोप बऱ्यापैकी वाचतं, १२ तासांचा फरक पाडून सोडल्या तर अळ्या ते फस्त करतात. आणि पुढे हा प्रयोग करणाऱ्या संशोधकांनाच कळलं की तोडून आणलेल्या कोबीतही हे घड्याळ जिवंत असतं, उजेड-अंधाराची फेरी दिली तर ते पुन्हा लागतं! भाजी तोडली म्हणजे ती मेली असं नाही, पेशी चालूच असतात.

सूर्यफुलाबद्दल पण लोकांचा घोळ असतो. कोवळं सूर्यफूल दिवसा पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण रात्री अंधारात ते सूर्य उगवायच्या आधीच पुन्हा पूर्वेकडे तोंड करून तयार असतं ते कुणी बघत नाही. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेकडची. रोप उचलून डोक्यावर स्थिर दिवा असलेल्या खोलीत नेलं तरी काही दिवस हे झुलणं चालू राहतं. पूर्ण उमललेलं फूल मात्र वळायचं थांबतं आणि पूर्वेकडेच बघत राहतं, सकाळी लवकर तापतं आणि पश्चिमेकडे फिरवून ठेवलेल्या फुलांपेक्षा त्याच्यावर कितीतरी जास्त मधमाश्या येतात, २०१६ च्या अभ्यासात पाचपटीपर्यंत.

आता शेवंती. हा माझ्या रोजच्या कामाचा विषय.

१९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी दाखवलं की काही झाडं दिवस लहान झाल्यावरच फुलतात, त्यांना लहान दिवसाची झाडं म्हणायला लागले, शेवंती त्यातलीच. पण हे नाव जरा फसवं पडलं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर दाखवलं की झाड मोजतं ती रात्र. दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला तर काही फरक पडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्ये मिनिटभर उजेड पाडला तरी फुलणं बंद. मधे उजेड आला की ती एक लांब रात्र न राहता दोन छोट्या रात्री होतात, असं तेव्हा समजलं गेलं.

पण ते इतकं साधं नाही, आणि इथेच घड्याळ येतं. जर्मनीतले ब्यूनिंग १९३६ पासून म्हणत होते की झाड नुसते अंधाराचे तास मोजत नाही, त्याच्या २४ तासांच्या फेरीत एक भाग असा असतो ज्यात उजेड पडला तर त्याचा अर्थ 'दिवस मोठा आहे' असा लागतो, बाकीच्या वेळी पडला तर लागत नाही. पुढे सोयाबीनवर ८ तास उजेड आणि ६४ तास सलग अंधार असं ७२ तासांचं चक्र दिलं गेलं, आणि त्या लांबलचक अंधारात वेगवेगळ्या तासाला थोडा वेळ दिवा लावून बघितलं. अंधार तोच, दिवा तोच, पण एका तासाला लावला तर फुलं कमी, १२ तासांनी लावला तर जास्त, आणखी १२ तासांनी पुन्हा कमी, अशी २४ तासांची लाट त्या काळोखातही चालू राहिली. निव्वळ अंधाराचे तास मोजणारं यंत्र असतं तर असं झालंच नसतं.

उजेड टिपणारं प्रोटीन फायटोक्रोम, ते लाल उजेडाने चालू होतं आणि त्यापलीकडच्या गडद लाल उजेडाने बंद. म्हणून रात्री लाल दिवा लावला की फुलणं अडतं आणि लगेच मागोमाग गडद लाल लावला की अडलेलं पुन्हा सुटतं. यावरून एक किस्सा आठवला, ब्यूनिंगच्या काळात लाल उजेड झाडाला कळत नाही असा समज होता, म्हणून अंधाऱ्या खोलीतल्या घेवड्याला पाणी घालायला लोक लाल दिवा घेऊन जायचे, आणि त्या दिव्यानेच घड्याळ रोज लागत होतं! तो दिवा बंद केल्यावर लय २५ तासांच्या वर सरकली. अंधारात झाड बघायला हिरवा मंद दिवा न्यायची पद्धत पडली त्यामागे हेच कारण, तोही अगदी निरुपद्रवी नसतो पण लालपेक्षा बरा.

तुमच्या गॅलरीत काय चाललंय ते आता सरळ आहे. संध्याकाळनंतर घरातला लाईट किंवा रस्त्याचा दिवा शेवंतीवर पडतोय, रात्रीच्या मधल्या तासांत पानांना तो दिसतोय, आणि झाडाच्या लेखी अजून मोठे दिवसच चालू आहेत. पॉलीहाऊसमध्ये आम्ही हेच मुद्दाम करतो, रोपांची उंची हवी असेल तोवर साधारण रात्री १० ते २ दिवे लावतो म्हणजे ती फुलत नाहीत, आणि फुलं हवी झाली की दिवे बंद करून काळ्या कापडाने १३-१४ तास अंधार करतो. घरी करायचं तर संध्याकाळी ६ ला जाड पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालायचं आणि सकाळी ८ ला काढायचं, रोज, कळ्यांना रंग दिसेपर्यंत, आणि मधे एखाद्या रात्री 'बघू तरी किती आलंय' म्हणून खोकं उचलून मोबाईलचा टॉर्च मारायचा नाही. पॉइन्सेटियाला, म्हणजे ख्रिसमसच्या सुमाराला मिळणाऱ्या लाल पानांच्या झाडाला, पण हाच उपाय. दिवसा मात्र भरपूर ऊन हवं, नाहीतर कळ्या धरतील पण फुलं मरतुकडी येतील.

फुलायचा निरोप पानातून शेंड्याला जातो हे रशियातल्या चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात सांगून त्याला फ्लोरिजेन नाव दिलं होतं. तो निरोप म्हणजे पानात बनणारं एक छोटं प्रोटीन, हे भात आणि अराबिडॉप्सिस दोन्हींत २००७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून शेंडा नव्हे, पानं झाकली गेली पाहिजेत, खोकं अर्धवट ठेवून उपयोग नाही.

आपण खातो त्या पिकांत हे घड्याळ माणसाने नकळत बरंच बदलून ठेवलंय. हरितक्रांतीवाले नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत गव्हाचं एका हंगामात एका जागी पिकलेलं बी पुढच्या हंगामात दुसऱ्या अक्षांशाला पेरायचा सपाटा लावला तो वेळ वाचवायला, पण त्यात दोन्हीकडे टिकली ती दिवसाच्या लांबीकडे फारसं लक्ष न देणारी रोपं, आणि तसा गहू मग जगभर कुठेही चालला. टोमॅटोचं तर रानटी भाईबंदांपेक्षा घड्याळच हळू झालंय, विषुववृत्ताजवळून तो मोठ्या दिवसांच्या प्रदेशात नेला गेला तेव्हा ही हळू घड्याळाची रोपं निवडली गेली असं २०१६ मध्ये दिसलं.

दिवसाखेरीज मोठे काळही झाडं धरून ठेवतात, ते थोडक्यात सांगतो कारण ते वेगळं यंत्र आहे. हिवाळी गहू किंवा अराबिडॉप्सिसच्या थंड प्रदेशातल्या जाती काही आठवडे थंडी सोसल्याशिवाय फुलत नाहीत. फुलणं अडवणारं एफएलसी नावाचं जीन थंडीत एकेका पेशीत कायमचं बंद होत जातं, थंडीचे आठवडे जितके जास्त तितक्या जास्त पेशींत ते बंद, म्हणजे हिवाळा किती लांब होता याची नोंद बंद पडलेल्या पेशींच्या संख्येत राहते. ऊब आली तरी ती नोंद पुसत नाही, बी धरताना मात्र पाटी कोरी होते. बांबूची एक जात ४८ वर्षांनी एकदम फुलते, नीलकुरिंजी १२ वर्षांनी, ती मोजणी अजून कुणाला उलगडलेली नाही.

राहिला २४ तास ग्रो लाईटचा प्रश्न. करू नका. टोमॅटोवर हे फार जुनं माहीत आहे, उजेडही सतत आणि तापमानही सतत एकच ठेवलं की पानं पिवळी ठिपकेदार पडतात आणि वाढ उलट घटते. लेट्यूससारखी काही झाडं सतत उजेड चालवून घेतात, पण घरी निरनिराळी झाडं एकाच दिव्याखाली असतात तेव्हा १४ ते १६ तासांवर थांबलेलं बरं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवा रोज त्याच वेळेला लागला आणि त्याच वेळेला विझला पाहिजे, हाताने आठवेल तेव्हा चालू-बंद करण्यापेक्षा साधा टायमर लावा, आणि वेळ बदलायचीच असेल तर एकदाच बदलून तशीच ठेवा, झाडं काही दिवसांत जुळवून घेतात. रात्री लाईट बंद असताना खोली दोनतीन अंशांनी गार झाली तर चांगलंच, घड्याळाला तापमानाचाही आधार लागतो. आणि शेवंती त्या १६ तासांच्या दिव्याखाली आणून ठेवू नका, मिरची-टोमॅटो छान वाढतील आणि ती नुसता पालाच वाढवत बसेल.